उंची : पंचेचाळीस

पँट आखूड करून देणारा माणूस पुण्यात दर चौकात सापडतो. जिन्याखाली एक शिलाई मशीन, भिंतीवर खिळ्याला लटकवलेल्या चेन, बाहेर ‘ऑल्टर करून मिळेल’ अशी हाताने रंगवलेली पाटी. नवी पँट त्याच्याकडे टाकायची, खडूची खूण करून घ्यायची आणि भाजी घेऊन परत येईपर्यंत काम झालेलं असतं. माझ्या बहुतेक मैत्रिणींच्या पँटा याच वाटेने अंगावर येतात. मला या माणसाचा काडीचा उपयोग नाही. माझी उंची पाच फूट अकरा इंच आहे, आणि नसलेले पाच इंच कुठल्याही जिन्याखाली जोडून मिळत नाहीत.

भारतातल्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. कपडे बनवणारा तिला डोळ्यासमोर ठेवूनच बनवणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवसभर व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेज अशी मोजमापाची साधनं हाताळते. शंभर नग काढले तर बहुतेक मधल्या मापाच्या आसपास पडतात आणि एखाद-दुसरा टोकाला जातो, हे मला कुणी शिकवायला नको. फक्त तो टोकाचा नग आपण स्वतः असलो की रोज सकाळी काहीतरी घालून बसस्टॉपवर उभं राहावं लागतं.

लहानपणी हा प्रश्न आईने सोडवला होता. कोल्हापूरच्या आमच्या घरात शाळेचा युनिफॉर्म शिवायला टाकताना आई शिंप्याला एकच गोष्ट बजावायची, “खाली भरपूर दुमड ठेवा, पोरगी थांबायची नाही.” मग दर जूनला शाळा सुरू व्हायच्या आधी सलवारीची एक दुमड उसवली जायची. जुन्या दुमडीची रेघ निळ्या कापडावर गडद उठून दिसायची, आणि माझं वय त्या रेघांवरून मोजता आलं असतं. व्हॉलीबॉलच्या संघात घेतल्यावर उंचीचं कौतुक सुरू झालं, पण ते मैदानापुरतं. गल्लीत आखूड पँट घालून निघाले की कोपऱ्यावरचं कुणीतरी हमखास विचारायचं, “काय गं, पंचगंगा पात्राबाहेर आली काय?”

“एवढं कशाला, साडी नेस की” हा सल्ला मला सगळ्या मावश्यांनी आणि आत्यांनी दिलेला आहे. साडीचा पन्ना साधारण पंचेचाळीस इंच असतो. त्यातले दोन-तीन इंच परकरात खोचायचे. म्हणजे माझ्यासारखीला परकर बेंबीच्या बराच खाली बांधावा लागतो, नाहीतर पैठणीचे काठ घोट्याच्या वर नाचतात. चुडीदारचंही तेच. पायावर चुड्या पडाव्यात म्हणून तो मुद्दाम चार-सहा इंच जास्त लांब बेततात; माझ्या पायात तो जेमतेम घोट्याला पोचतो आणि चुडी एकही पडत नाही. तरी या दोन्हींत चालवून नेता येतं. पँटमध्ये येत नाही.

आणि पँट मला लागतेच. मशीन चालू असताना शॉप फ्लोअरवर साडी, ओढणी, सैल काहीही चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. नोकरीला लागले तेव्हा युनिफॉर्मवाल्याचा माणूस माप घ्यायला आला. पुरुषांची कंबर आणि उंची दोन्ही लिहून घेतली. बायकांना फक्त विचारलं, “एम, एल, एक्सेल?” मला एल मिळाली. गडद निळी, जाड कापडाची आणि नडगीच्या मध्यावर संपणारी. खाली सेफ्टी शूज, आणि दोघांच्या मधे वीतभर पांढरा मोजा. आमच्या सेफ्टी ऑफिसरनी दुसऱ्याच दिवशी हटकलं. लेथवरून उडणारा बर, म्हणजे धातूचा गरम तुकडा, मोज्यात जाऊन बसतो, पँट बुटावर आलीच पाहिजे. युनिफॉर्मवाला म्हणाला, एक्सेल देतो. एक्सेल आली ती कंबरेत चार इंच सैल होती आणि लांबीला पाव इंचही वाढलेली नव्हती.

इथून माझा शोध खरा सुरू झाला. तोवर मी दुकानात जाऊन “लांब काही आहे का” एवढंच विचारत असे आणि “नाही” ऐकून परत येत असे. आता ठरवलं की आधी ड्रॉइंग हातात पाहिजे, मग पार्ट शोधायचा.

आपल्या पायाचं आतल्या बाजूचं माप घेणं सोपं आहे. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन पायांमधे वरपर्यंत नेऊन भिंतीला काटकोनात टेकवायचं, पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करायची आणि खुणेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. ज्या बुटावर पँट घालायची ते बूट पायात हवेत. टाचेचा विचार करून मला पँटची आतली शिलाई साडेचौतीस इंच हवी, असं निघालं. मग टेप पर्समधे टाकून दुकानं पालथी घालायला लागले. हँगरवरची पँट उतरवायची, सपाट अंथरायची, आतल्या शिलाईला टेप लावायचा. विक्रेत्या मुली चमत्कारिक नजरेने बघायच्या, पण ट्रायल रूमच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. बायकांच्या फॉर्मल पँटा बहुतेक अठ्ठावीस ते तीस. जीन्स तीस, फार तर बत्तीस. घोट्यापर्यंतच्या म्हणून ज्या विकतात त्या सव्वीस-सत्तावीस, म्हणजे माझ्यावर त्या पोटरी झाकण्याचीही जबाबदारी घेत नाहीत. एका मुलीने मला फार मनापासून समजावलं, “मॅडम, आता आखूडचीच फॅशन आहे.” फॅशन आहे हे खरंच, आणि काही वर्षं तिच्या आडोशाने मी सुखाने फिरलेही. पण आवडीने आखूड घालणं निराळं, आणि दुसरं काहीच मिळत नाही म्हणून घालणं निराळं.

मोठा साइझ घेतला की लांबी का वाढत नाही, हे कोडंही या टेपने सुटलं. कपड्यांच्या कारखान्यात एका मधल्या मापाचा नमुना पक्का करतात आणि त्यावरून बाकीचे साइझ काढतात. प्रत्येक पायरीला कंबर, सीट (म्हणजे नितंबांचा घेर), मांडी ठरावीक इंचांनी वाढते. लांबी मात्र जवळजवळ तीच राहते, कारण जाड होणारा माणूस उंच होत नाही हे गृहीत धरलेलं असतं. बरोबरच आहे ते. फक्त यामुळे एम घालणाऱ्या उंच बाईसाठी त्या रांगेत जागाच उरत नाही. पाश्चात्त्य देशांत यावर कंबर आणि लांबी हे दोन वेगळे आकडे छापण्याचा उपाय आहे. आपल्याकडे तो पुरुषांच्या जीन्सवर सर्रास दिसतो, बायकांच्या जीन्सवर क्वचित. आपल्या मापांचंही काम चालू आहे. केंद्राचं वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ही फॅशन शिकवणारी संस्था यांनी मिळून ‘इंडिया साइझ’ नावाचा प्रकल्प काढला. मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, अशी त्याची आखणी होती. भारतीय शरीराचा स्वतःचा तक्ता असायलाच हवा. माझ्या लांबीचा प्रश्न त्याने सुटेल, अशी आशा मात्र मी ठेवलेली नाही. तक्ता मधल्यांसाठीच असतो.

सोपे उपाय सगळे करून झाले. खालची दुमड सोडली. तयार पँटमधे ती अर्धा ते एक इंच असते, आणि जीन्सची सोडली तर जुन्या घडीवर फिकट पट्टा कायमचा राहतो. खाली दुसऱ्या रंगाची पट्टी लावली. कॉलेजात असताना ते खपून गेलं असतं, कारखान्यात युनिफॉर्मला पट्टी लावून जाता येत नाही. लेगिंग्जही करून पाहिल्या, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

मग पुरुषांचा विभाग. इथे गेलं की पहिल्यांदा काय जाणवतं, तर सुबत्ता. लांबी बत्तीस, चौतीस, कुठेकुठे छत्तीससुद्धा. आणि खिसे! आख्खा हात मनगटापर्यंत आत जातो. बायकांच्या पँटच्या खिशात पाचाचं नाणं ठेवलं तरी त्याचा आकार बाहेर उठतो. पुरुषांची ‘३४ × ३४’ घातली तर लांबी चोख बसली, सीटला बसली, आणि मागे कंबरेत मूठ जाईल एवढी फट राहिली. कंबर आणि सीट यांत माझा फरक नऊ इंचांचा आहे, पुरुषांच्या कापात तो इतका कधीच धरलेला नसतो. कंबरेला बसेल अशी घ्यावी तर मांडीत अडकते. एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल : पुरुषांच्या फॉर्मल पँटला मागच्या मधल्या शिलाईत इंच-दीड इंच कापड आत सोडलेलं असतं, त्यामुळे तिची कंबर आत घेता येते आणि बाहेरही सोडता येते. जीन्सला ती सोय नाही. मी एक फॉर्मल अशी आत घेऊन वापरली. मागचे दोन खिसे एकमेकांच्या अगदी शेजारी येऊन बसले आणि पुढून आसन, म्हणजे दोन पाय जुळतात तो भाग, लोंबत राहिलं, पण पावसाळा तिने काढला.

कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला एक्स्पोर्टच्या मालातही कधीकधी घबाड सापडतं. परदेशी ऑर्डरीसाठी शिवलेले आणि काही कारणाने मागे राहिलेले कपडे तिथे येतात, त्यांत चौतीसची लेडीज जीन्स असू शकते. लेबल कापलेलं असतं, म्हणून टेप हवाच. नशिबाचा खेळ आहे हा. मला तिथे एक सुरेख काळी पँट मिळाली होती आणि तशी दुसरी कधीच मिळाली नाही.

ऑनलाइन खरेदीत एकच गोष्ट शिकण्यासारखी आहे. तक्त्यात दिलेलं माप अंगाचं आहे की कपड्याचं, हे आधी वाचायचं. दोन्ही एकाच पानावर असतात आणि घोळ तिथेच होतो. ‘फुल लेंथ’ या शब्दांना काही अर्थ नाही. त्यापेक्षा फोटोतल्या मॉडेलची उंची बघायची, ती बहुतेक ठिकाणी दिलेली असते. पाच-नऊची मॉडेल असेल आणि पँट तिच्या घोट्यावर थांबत असेल, तर पुढे स्क्रोल करायचं.

माझी मावसबहीण नेदरलँड्सला आहे. तिथल्या बायकांची सरासरी उंची सुमारे १७० सेंटिमीटर. म्हणजे तिथेही मी उंचच, पण वळून बघण्याइतकी नाही. ती पाच-दोनची आहे आणि तिचं रडगाणं माझ्या बरोब्बर उलट : “इथे मला सगळं लहान मुलींच्या विभागात घ्यावं लागतं, दंडाला फुगे असलेलं!” तिने पाठवलेल्या जीन्सवर, बायकांच्या जीन्सवर, लांबी ३४ छापलेली होती. घातली. बुटावर येऊन टेकली. आणि तरीही काहीतरी सुधारलं होतं ते फक्त लांबीत नव्हतं. खाली वाकले तर कंबरपट्टा मागून घसरला नाही. उकिडवी बसले तर गुडघ्यावर ताण आला नाही. आजवर मी सगळा दोष खालच्या पाच इंचांवर टाकत होते, आणि ही पँट सांगत होती की वरही बरंच काही चुकलेलं असतं.

ती जीन्स मी टेबलावर पसरली आणि शेजारी दुकानातली बत्तीस लांबीची ठेवली. फुटपट्टी घेऊन दोन्हींचं इन्स्पेक्शन केलं, अगदी रिपोर्ट लिहावा तसं. आसनाची खोली परदेशी जीन्समधे जास्त होती. सगळ्यात गमतीचा फरक गुडघ्यात होता. सरळ दिसणारी पँटही सरळ नसते. मांडीपासून गुडघ्यापर्यंत ती निमुळती होते आणि तिथून खाली वेगळ्या कलाने जाते. तो गुडघा कुठे धरायचा याचा शिंप्यांचा साधा हिशोब आहे : आतल्या शिलाईच्या निम्मं, त्यातून दोन इंच वर. एकोणतीसच्या पँटचा गुडघा आसनापासून साडेबारा इंचांवर येतो. माझा यायला हवा सव्वापंधरावर. म्हणजे आयुष्यभर मी ज्या पँटा घातल्या, त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याच्या पावणेतीन इंच वर होता. बसले की मांडीत ओढ लागायची, उठले की गुडघ्याच्या वर पोकळ फुगा राहायचा, आणि मला वाटायचं माझे पायच तसे आहेत. अशा पँटला खाली पाच इंच जोडून मिळाले असते तरी ती बसली नसती. उंच माणूस नुसता खालून वाढलेला नसतो.

म्हणजे शिवूनच घ्यायला हवी होती. लेडीज टेलरकडे गेले तर बहुतेकींनी सांगितलं की सलवार, पटियाला, प्लाझो, काय म्हणाल ते शिवू, पण चेन आणि पट्ट्याची पँट नको. ते काम गेन्ट्सवाल्यांचं. गेन्ट्सवाले म्हणायचे, लेडीजचं घेत नाही. शेवटी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्याच्या वडिलांचे टेलर सुचवले. शनिवार पेठेत, रस्त्यावरून दोन पायऱ्या खाली उतरून जायचं असं दुकान. मास्तर सत्तरीचे. कापायचं टेबल इतकी वर्षं वापरातलं की कडा गुळगुळीत झाल्यात. मागच्या खोलीत काकू काज-बटण आणि हातशिलाई करतात.

“ताई, लेडीज काम मी करत नाही,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “मास्तर, मापं मी आणली आहेत. तुम्ही बघून तर घ्या.” आणि माझा कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. उंचीचा, म्हणजे पँटच्या कंबरेपासून खालपर्यंतच्या लांबीचा, आकडा बघून माझ्याकडे वर बघितलं, मग परत कागदाकडे. “पंचेचाळीस? कंबर एकतीस आणि उंची पंचेचाळीस?” मग काकूंना हाक मारली, “अहो, जरा बाहेर या. टेप धरायचाय.” माझ्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि क्वालिटीवाल्या माणसाला याचा राग येत नाही. दुसऱ्याने दिलेलं माप मीही परत घेतेच.

आसनाचं माप ते ज्या पद्धतीने घेतात ती मला फार आवडली. कडक लाकडी स्टुलावर ताठ बसवलं. काकूंनी कंबरेला एक दोरी बांधली, आणि बाजूने त्या दोरीपासून स्टुलाच्या फळीपर्यंत टेप सोडला. साडेदहा. उभ्याने कितीही मोजलं तरी हे माप खरं येत नाही, मास्तर म्हणाले, कारण माणूस पोट आत घेतो. मग उभं केलं आणि सांगितलं, एक पाय स्टुलावर ठेवा. गुडघा वाकला. काकूंनी वाटीच्या मधोमध पँटवरच खडूची रेघ मारली. पाय खाली घेतल्यावर मास्तरांनी लांबूनच त्या रेघेकडे बघितलं आणि ते हसले. “अरेच्चा, गुडघा इथे आहे होय! ही तुमची पँट तर मांडीवरच दुमडते.” वहीत रकाने होते : उंची, कंबर, सीट, मांडी, गुडघा, मोरी (म्हणजे पायाचा खालचा घेर). गुडघ्याच्या रकान्यात ते एरवी फक्त घेर लिहितात. माझ्या नावापुढे त्यांनी घेराच्या शेजारी ‘खाली १५।’, म्हणजे सव्वापंधरा, असं लिहून त्याला गोल केला.

कापड आणायला मी रविवार पेठेत गेले. दुकानदाराने विचारलं, “साहेबांची उंची किती?” साहेब पाच-सात आहेत आणि त्यांना काही नकोय, हे सांगितल्यावर तो जरा गोंधळला. पँटपीस म्हणून जो तुकडा मिळतो तो बहुधा एक मीटर वीस सेंटिमीटरचा असतो, अठ्ठावन्न इंच पन्न्याचा. इंचात सव्वासत्तेचाळीस. माझा हिशोब असा : उंची पंचेचाळीस, खाली दुमडीला तीन, वर पट्ट्याच्या जोडाला एक, झाले एकोणपन्नास. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात तीनेक टक्के आटू शकतं, म्हणजे आणखी दीड इंच. तयार पँटपीस बाद. ताग्यातून दीड मीटर कापून घेतलं, एक गडद निळं युनिफॉर्मला मिळतंजुळतं टेरिकॉट आणि एक करडं सुती. सुती कापड रात्रभर पाण्यात ठेवलं, सावलीत वाळवलं, इस्त्री करून मास्तरांना दिलं. लांब पायाला आटणंही लांबच लागतं. जी गोष्ट दुसऱ्या बाईच्या लक्षातही येणार नाही, ती माझ्या घोट्यावर दिसते.

मास्तरांनी चांगल्या कापडाला लगेच कात्री लावली नाही. “आधी मांजरपाटात बघू. तुमच्यासारखं मी आजवर कापलेलं नाही.” हे ऐकून मला जितका धीर आला तितका कुठल्याही दुकानातल्या “हो मॅडम, होऊन जाईल” ने आला नव्हता.

मांजरपाटाची ती कच्ची पँट घालून मी पडद्यामागून बाहेर आले तेव्हा पायात सेफ्टी शूज होते, त्यांनीच आणायला सांगितले होते. पुढून बघून ते म्हणाले, पुढे आडव्या सुरकुत्या नाहीत, म्हणजे आसन पुरलं. मागे वळायला सांगितलं. सीटच्या खाली दोन तिरप्या घड्या पडत होत्या. काकूंनी तिथे कापड चिमटीत धरलं आणि टाचण्या लावल्या. मास्तर म्हणाले, मागचं आसन अर्धा इंच जास्त झालंय, काढून टाकतो. मग बसायला लावलं, उकिडवं बसायला लावलं, दोन पायऱ्या चढायला आणि उतरायला लावलं. बाहेरून जाणारा एक माणूस थांबून बघत राहिला. मास्तरांनी त्याला विचारलं, “काही शिवायचंय का?” तो गेला.

इस्त्रीची घडी मांडीच्या मधून बुटाच्या मधोमध सरळ उतरते की नाही, हे त्यांनी जमिनीवर मांडी घालून बसून बघितलं. कापडाचा उभा धागा त्या घडीबरोबर धावला पाहिजे. जरा तिरपं कापलं गेलं की धुतल्यावर पाय पिळवटतो आणि शिलाई पुढे येते. आखूड पँटमधे हे लपतं, पंचेचाळीस इंचांत लपत नाही. रेडिमेडमधे एका वेळी कित्येक थर रचून कापतात, तिथे एखादा थर सरकतोच.

निळी पँट पंधरवड्याने मिळाली. शिलाई सातशे रुपये, कापड धरून तयार पँटपेक्षा थोडी महाग, आणि परदेशी जीन्सच्या निम्म्याहून कमी. मागच्या शिलाईत त्यांनी गेन्ट्ससारखं दीड इंच कापड सोडलंय, खाली तीन इंच दुमड आहे. खिसे बाहेरून दिसत नाहीत, पण मोबाइल आख्खा आत जातो. हे मी सांगितलं नव्हतं. त्यांना बायकांच्या पँटला छोटे खिसे लावतात हे माहीतच नव्हतं, त्यांनी आपले नेहमीचे लावले.

ऑफिसात पहिल्या दिवशी कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. सेफ्टी ऑफिसर शेजारून गेले, खाली बघितलं आणि पुढे गेले. युनिफॉर्मवाल्याशी मात्र नंतर एचआरमार्फत बोलणं केलं. आता तो मला शिवलेली पँट न देता वर्षाला दोन पँटांचं कापड ताग्यातून देतो आणि शिलाईचे पैसे कंपनी देते. हे मागावं लागतं, आपणहून कुणी देत नाही. मागितल्यावर मात्र फारसं कुणी अडवलं नाही. पेंट शॉपमधली एक मुलगी पाच-आठची आहे, तिनेही अर्ज केला. तिला मी आधी स्टुलावर बसवून माप घ्यायला शिकवलं.

मास्तरांनी माझा फर्मा खाकी कागदावर कापून ठेवलाय. दुकानात खिळ्याला इतर फर्मे टांगलेत, त्यांत माझा सगळ्यांत खाली लोंबतो, आणि त्यावर नाव नाही, नुसतं ‘ताई ४५’ लिहिलंय. मी त्याची एक प्रत मागून घेतली आणि घरी गुंडाळी करून कपाटावर ठेवली. त्यांना ते आवडलं नाही. “मी कुठे जातोय?” म्हणाले. मी म्हटलं, मास्टर पीसची एक कॉपी वेगळ्या ठिकाणी ठेवायचा आमचा नियम आहे.

जीन्सचं मात्र अजून जमलेलं नाही. मास्तरांच्या मशीनवर डेनिमच्या चार थरांवरून सुई जात नाही, आणि ती पिवळी दुहेरी शिलाई ते घालायला तयार नाहीत. ते म्हणतात, ते कारखान्याचं काम. उल्हासनगरला जीन्स शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत, पण एका नगासाठी मशीन लावायला कुणी राजी होत नाही, निदान पंचवीस तरी करा म्हणतात. पाच-आठच्या वरच्या पंचवीस बायका शोधते आहे. आतापर्यंत चाकणमधल्या दोघी, व्हॉलीबॉलच्या जुन्या संघातल्या चौघी आणि एकीची नणंद एवढ्या मिळाल्यात.